उशाशी बसणारी माणसे

बंगळूर शहरातून होसूरच्या रस्त्याला लागलात की इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती मागे पडतात, हेब्बगोडी येते आणि त्याला लागून बोम्मसंद्रा. एकेकाळचे हे खेडे. आता औद्योगिक वसाहत म्हणूनच ओळखले जाते. पाळी सुटली की कामगारांचे लोंढे, कंपन्यांच्या बसगाड्या, धूळ आणि हॉर्नचा गोंगाट. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला, त्याचे शेवटचे टोक इथेच आहे. पण मेट्रो यायच्या कितीतरी आधीपासून बोम्मसंद्रा हे नाव बंगालमध्ये, आसाम-त्रिपुरात, इतकेच काय पण बांगलादेशातल्या गावांतही ठाऊक होते. ज्यांच्या घरात हृदयाचा आजार आहे अशांना तर नक्कीच. कारण डॉ. देवी शेट्टी यांचे नारायण हृदयालय इथे आहे.

रुग्णालयाच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरले तर कानावर कन्नडच्या जोडीने बंगालीही पडते. लॉजच्या आणि खाणावळींच्या पाट्यांवरही बंगाली अक्षरे दिसतात. एक्स-रेची मोठी पाकिटे काखेत घेतलेली, हातात पाण्याची बाटली आणि डोळ्यांत दोन रात्रींची झोप अशी माणसे इकडून तिकडे हिंडत असतात. एका रुग्णामागे दोघे-तिघे तरी आलेले असतात. रुग्ण आत जातो. त्याला डॉक्टर असतो, परिचारिका असते, खाट असते, औषध असते. बरोबर आलेल्यांना बाक असतो.

वाचकहो, हा लेख त्या बाकावर बसलेल्यांविषयी आहे. आणि त्यांच्या जोडीने, नात्यागोत्याचे कोणी नसताना परक्या आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणाऱ्यांविषयीही. कॅथलिक ख्रिस्ती परंपरेने या उशाशी बसण्याचा शतकानुशतके फार बारकाईने विचार केला आहे. तो चर्चच्या दारातच थांबावा असा नाही. ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्या प्रत्येकाच्या कामाचा आहे, मग देवघरात मूर्ती कोणाचीही असो. बोम्मसंद्रापासून सुरुवात करायला मात्र एक खास कारण आहे.

मदरचे डॉक्टर

डॉ. देवी शेट्टी मूळचे दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या किन्निगोळीचे. जन्म १९५३ चा, नऊ भावंडांतले आठवे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका शल्यविशारदाने माणसाचे हृदय बदलले, ही बातमी त्यांनी शाळेत असताना ऐकली आणि आपण हृदयाचेच डॉक्टर व्हायचे असे तेव्हाच ठरवून टाकले, असे ते सांगतात. मंगळूरला वैद्यकीय शिक्षण झाले, पुढे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये काही वर्षे काढली आणि १९८९ मध्ये ते तेव्हाच्या कलकत्त्यात बिर्ला हृदयरोग केंद्रात रुजू झाले. तिथेच मदर तेरेसा त्यांच्या रुग्ण झाल्या.

मदरना पहिला मोठा हृदयविकाराचा झटका १९८३ मध्ये रोममध्ये आला होता. १९८९ मध्ये पेसमेकर बसवावा लागला. नव्वदच्या दशकात तर रुग्णालयाच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. या काळातली एक आठवण डॉ. शेट्टी यांनी अनेकदा सांगितली आहे. हृदयात जन्मजात दोष असलेले, अंग निळसर पडलेले एक बाळ ते तपासत होते. मदर ते बघत होत्या. त्या म्हणाल्या की, तुम्ही इथे कशासाठी आहात ते मला आता कळले. या मुलांचे दुःख दूर करण्यासाठी देवाने तुम्हाला पाठवले आहे.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती कॅलेंडरवर छापायला बरी होती. पण पुढे जे घडले ते जास्त विचार करण्याजोगे आहे. डॉ. शेट्टी कर्नाटकात परतले आणि २००१ मध्ये बोम्मसंद्रात नारायण हृदयालय उभे राहिले. मदरच्या या डॉक्टरांनी आश्रम काढला नाही, रुग्णालयाचा कारखाना काढला. एकाच छताखाली इतक्या शस्त्रक्रिया करायच्या की प्रत्येकीचा खर्च खाली यावा, असा त्यांचा हिशेब. २००३ मध्ये कर्नाटकातल्या सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी ही आरोग्य योजना सुरू झाली. तिच्यामागेही त्यांचीच कल्पना होती, आणि सुरुवातीला वर्गणी होती महिन्याला ५ रुपये. दानधर्म वाढवत नेता येत नाही, नीट चालवलेला व्यवसाय वाढवता येतो, असे डॉ. शेट्टी स्पष्टपणे म्हणत आले आहेत.

आपल्याला हे बोलणे नवे नाही. दान माणसाला दुबळे करते, काम उभे करते, हे आनंदवनात बाबा आमट्यांनी किती आधी सांगून आणि करून दाखवले. गंमत अशी की, धर्मक्षेत्रातल्या कार्यासाठी दिला जाणारा टेंपलटन पुरस्कार अगदी पहिल्यांदा, १९७३ मध्ये, मदर तेरेसांना मिळाला आणि १९९० मध्ये तोच पुरस्कार बाबांनाही विभागून मिळाला. दोन टोकांच्या विचारांना एकाच तराजूत तोलणारे परीक्षक शहाणे म्हणायचे.

मग मदरची वाट कोणती? मरणाच्या दारात असलेल्याचा हात हातात घेऊन बसायचे, एवढीच? की डॉक्टरांची वाट खरी, जिथे माणूस मरूच नये अशी तजवीज करायची? हा वाद नेहमी असा दोन बाजूंनी मांडला जातो. मला तो खोटा वाटतो, आणि खोटा का वाटतो हे सांगायला पाटण्याला जावे लागेल.

पाटण्याचे ते काही महिने

मदर तेरेसांच्या चरित्रातला दार्जिलिंगच्या आगगाडीचा प्रसंग सर्वांना माहीत असतो. १० सप्टेंबर १९४६ रोजी प्रवासात त्यांना वाटले की कॉन्व्हेंट सोडून गरिबांतल्या गरिबांमध्ये जाऊन राहावे. १९४८ मध्ये रोमहून परवानगी आली, त्यांनी निळ्या काठांची पांढरी सुती साडी नेसली, १९५० मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये कालीघाटला देवळाशेजारच्या धर्मशाळेत ‘निर्मल हृदय’ सुरू झाले. या सगळ्यामध्ये पाटणा हरवून जाते.

कॉन्व्हेंटमधून बाहेर पडल्यावर त्या आधी वस्तीत गेल्या नाहीत. पाटण्याला गेल्या. तिथे मेडिकल मिशन सिस्टर्सचे होली फॅमिली हॉस्पिटल होते. १९४८ चे काही महिने तिथे राहून त्या इंजेक्शन द्यायला, जखम बांधायला, बाळंतिणीजवळ उभे राहायला शिकल्या. जवळजवळ वीस वर्षे शाळेत भूगोल-इतिहास शिकवलेली, मुख्याध्यापिका झालेली बाई अडतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसली.

तिथला एक किस्सा मला फार आवडतो. आपल्या संघातल्या सिस्टर गरिबांसारख्याच फक्त भात आणि मीठ खाऊन राहतील, असा मदरचा बेत होता. हॉस्पिटलच्या अनुभवी सिस्टरांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. असे केलेत तर तुमच्या मुली क्षयाने मरतील, आणि मग गरिबांची सेवा कोण करणार? मदरनी मुकाट्याने ऐकले. पुढे संघाच्या नियमात पोटभर साधे जेवण आणि आठवड्याची ठरलेली विश्रांती आली. स्वयंसेवकांनाही कोलकात्यात वर्षानुवर्षे गुरुवारची सुट्टी असायची. जगभरातून आलेले तरुण सकाळी मदर हाउसमध्ये जमायचे, चहा, पाव आणि केळे खायचे, प्रार्थना करायची आणि मग ज्या त्या केंद्रावर जायचे. तिथे कुणाच्या वाट्याला चादरी धुणे यायचे, कुणाच्या वाट्याला भरवणे. फार मोठे स्वप्न घेऊन आलेल्याला पहिल्या दिवशी बादलीभर कपडे मिळत.

आपल्या मुंबईतल्या वाचकांना यासाठी कोलकात्याला जायचीही गरज नाही. भायखळ्याला संघाचे ‘आशादान’ १९७६ पासून उभे आहे. तिथली जागा हिंदुस्थान लिव्हर कंपनीने दिली.

सेवेला मायेइतकेच शिक्षण लागते, हे बंगळूरशी जोडलेल्या आणखी एका बाईने मदरच्या आधीच दाखवून दिले होते. तिचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. डॉ. मेरी ग्लोरी ही ऑस्ट्रेलियन बाई. १८८७ चा जन्म, मेलबर्न विद्यापीठाची डॉक्टर, तिथे तिचा जम बसलेला. १९२० मध्ये ती आंध्रात गुंटूरला आली आणि धर्मभगिनी झाली. त्या काळी चर्चचा कायदा असा की व्रतस्थ स्त्रीने डॉक्टरकी करायची नाही, बाळंतपणे तर नाहीच नाही. तिला खास पोपची परवानगी घ्यावी लागली. म्हणजे डॉक्टर आहे, रुग्ण आहेत, पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत म्हणून मरत आहेत, आणि परवानगीसाठी कागद रोमला जातो आहे! पण तो आला. तिने गुंटूरमध्ये दवाखान्याचे रुग्णालय केले, स्थानिक मुलींना परिचारिका, दाया आणि कंपाउंडर म्हणून तयार केले. १९४३ मध्ये तिने देशभरातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. १९५७ मध्ये तिचे निधन झाले ते बंगळुरात. कॅथलिकांचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय असावे हे तिचे स्वप्न १९६३ मध्ये याच शहरात सेंट जॉन्सच्या रूपाने उभे राहिले.

नुसती माया पुरत नाही

सेवेविषयी लिहिताना फक्त गोड लिहिणे सोपे असते. पण ‘निर्मल हृदय’वर जी टीका झाली ती बाजूला ठेवून चालणार नाही. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स तिथे जाऊन आले. स्वच्छता, जखमांची निगा आणि तिथल्या लोकांचे प्रेमळ वागणे त्यांनी मान्य केले. पण रोगनिदान अंदाजपंचे चालते, बरा होऊ शकणारा आणि न होणारा यांत फरक केला जात नाही, आणि तीव्र वेदनेवर लागणारी जोरकस औषधे तिथे नाहीत, असे त्यांनी लिहिले. अनेक भक्तांना त्याचा राग आला. मला वाटते, राग येण्याचे कारण नव्हते. तापाने फणफणलेल्या मुलाला कितीही कुरवाळले तरी औषध द्यावेच लागते, हे कुठलीही आई जाणते. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगायला हवे की, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे त्या काळी भारतात मॉर्फिन मोठमोठ्या रुग्णालयांनाही मिळणे मुश्किल झाले होते. ती अडचण दूर करणारी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली.

दोन्ही गोष्टी एकत्र आणता येतात याचा दाखला मात्र मुंबईतच होता. वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीजवळ १९८६ मध्ये ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. टाटा रुग्णालयातले कर्करोग शल्यविशारद डॉ. ल्युसिटो डिसूझा यांनी ते काढले. भारतातला हा पहिला हॉस्पिस. ज्यांच्या कर्करोगावर आता इलाज उरलेला नाही अशांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात, होली क्रॉस संघाच्या सिस्टर त्यांची शुश्रूषा करतात आणि वेदना आटोक्यात ठेवणे हे तिथले पहिले काम. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही अशी केंद्रे निघाली.

मायेला शिस्त लागते, हे चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या पाद्र्याच्या लक्षात आले होते. त्याचे नाव व्हिन्सेंट द पॉल. १६१७ सालची गोष्ट. शातियाँ नावाच्या गावी रविवारी मिस्साच्या आधी त्याला निरोप आला की, गावाबाहेरच्या एका घरात सगळेच्या सगळे आजारी आहेत, पाणी द्यायला कोणी नाही. त्याने प्रवचनात ते सांगितले. दुपारी तो स्वतः तिकडे निघाला तर वाटेत बायकांची रांगच लागलेली. कोणी तिथून परतत होत्या, कोणी चालल्या होत्या, सगळ्यांच्या हातात अन्न. कुणालाही भरून आले असते. व्हिन्सेंटला मात्र प्रश्न पडला की एवढे अन्न आज एका दिवसात नासणार, आणि परवा? त्याने त्या बायकांना एकत्र बसवले आणि पाळ्या लावून दिल्या. आज हिने स्वयंपाक करायचा, उद्या तिने. कॅथलिक जगातल्या संघटित स्वयंसेवेची सुरुवात इथून धरली तरी चालेल.

आपल्याकडे काय होते बघा. कुणी आजारी पडले की पहिल्या चार दिवसांत घर माणसांनी भरून जाते. चहा करता करता घरातल्या सुनेचा जीव मेटाकुटीला येतो. सफरचंदांचा ढीग लागतो. तीन आठवड्यांनी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा फोनसुद्धा वाजत नाही.

बाकावरून खाटेकडे

आता पुन्हा बोम्मसंद्राच्या त्या बाकाकडे वळू. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले चार विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नारायणच्या रुग्णालयांत आले. त्यांच्या नजरेला यंत्रांआधी बाहेर ताटकळलेली माणसे पडली. आपल्या माणसाची काळजी घ्यायला ही माणसे शेकडो मैलांवरून आलेली, दिवसभर रिकामी बसलेली, आणि त्यांना कोणी काही सांगत नाही. उद्या रुग्णाला घेऊन ती घरी जाणार, तिथे ना डॉक्टर ना परिचारिका. त्यांनाच का शिकवू नये?

कल्पना म्हटली तर साधी होती. वॉर्डात परिचारिकांनी नातेवाइकांचा वर्ग घ्यायचा. हात नीट कसे धुवायचे, टाके असलेली जागा कशी जपायची, नाडी कशी मोजायची, श्वासाचे व्यायाम कसे करून घ्यायचे, कोणते औषध केव्हा द्यायचे आणि कोणते लक्षण दिसले की थेट रुग्णालय गाठायचे, हे सगळे चित्रे दाखवून, करून घेऊन शिकवायचे. त्या विद्यार्थ्यांनी पुढे ‘नूरा हेल्थ’ ही संस्था काढली आणि कर्नाटक, पंजाब, मध्य प्रदेश अशा राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांतही हे वर्ग सुरू झाले.

या उपक्रमाचा कुठल्याही धर्माशी संबंध नाही, आणि तसा तो जोडायचाही नाही. पण पाटण्याला जखम बांधायला शिकणाऱ्या मदर आणि बोम्मसंद्रात सासऱ्यांची नाडी मोजायला शिकणारी एखादी बंगाली सून यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघींपाशी माया होतीच. तिला हात कसे द्यायचे, ते शिकावे लागले.

यामुळे बसणेही बदलते. ज्याला काय करायचे ते माहीत नाही तो आजाऱ्याजवळ बसला की अस्वस्थ होतो, उगाच बोलतो, उगाच उशी सरकवतो, शेवटी उठून बाहेर जातो. ज्याला चार गोष्टी येतात तो शांत बसू शकतो.

मन लागत नाही तेव्हा

इथवर लिहिलेले सगळे तसे सोपे आहे. अवघड भाग पुढेच आहे. शुश्रूषेचे पहिले पंधरा दिवस उत्साहाने जातात. पण सासूबाई चार वर्षे अंथरुणावर आहेत, दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागतात, रात्री दोनदा उठावे लागते, आणि एवढे करून त्या आल्यागेल्याला सांगतात की माझ्याकडे कोणी बघत नाही. अशा वेळी मनात मायेचा थेंबही उरत नाही. मग आपण वाईट आहोत असे वाटू लागते. घराघरांतल्या कितीतरी बायका हे ओझे न बोलता वाहत असतात. पुरुषही असतात, पण कमी.

मदर तेरेसांनी आपले नाव जिच्यावरून घेतले ती लिझ्यूची संत तेरेसा ही अशाच एका म्हातारीच्या तावडीत सापडली होती. फ्रान्समधल्या एका बंदिस्त मठात राहणारी ही मुलगी, १८९७ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. मठात एक वृद्ध सिस्टर होती. रोज संध्याकाळी तिला धरून जेवणघरात न्यावे लागे. जोरात चालले की ती म्हणे, मला पाडतेस. हळू चालले की म्हणे, तू धरलेच नाहीस, आता मी पडणार. कुणाची हिंमत होत नसे. तेरेसाने ते काम मागून घेतले. काही दिवसांनी तिच्या लक्षात आले की म्हातारीला स्वतःचा पाव कापता येत नाही. मग जाण्याआधी ती पावही कापून देऊ लागली. सांगितले नव्हते, पण दिसले म्हणून. तिच्या साऱ्या साधनेत याहून मोठा चमत्कार नाही, आणि कॅथलिक जगात तिला केवढा मान आहे! मोठे काम जमत नसेल तर लहान काम मोठ्या मायेने करावे, हा मदरचा आवडता विचार तिच्याच वाटेने आलेला.

पण मायाच आटली तर? याचे उत्तर मदरच्या स्वतःच्या आयुष्यात मिळते आणि ते जगाला त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी कळले. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली. ज्या बाईच्या चेहऱ्यावर सदैव हसू दिसे, तिने आपल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे लिहिले होते की, प्रार्थनेला बसते पण आत काहीच नाही, देव जाणवत नाही, सगळा अंधार आहे. संघ सुरू झाला त्या सुमारास हे सुरू झाले आणि १९५८ मधला थोडा काळ सोडला तर अखेरपर्यंत टिकले. वाचणाऱ्यांना धक्का बसला. काहींनी ढोंग म्हटले.

या अंधारात त्यांना आधार मिळाला तो पुण्याच्या एका माणसाचा, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. फादर जोसेफ नॉयनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे, येशूसंघीय धर्मगुरू, १९३८ पासून पुण्यात धर्मशास्त्र शिकवणारे. २००९ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी ते पुण्यातच वारले. १९६१ मध्ये ते कलकत्त्याला संघाच्या सिस्टरांना प्रवचने द्यायला गेले असता मदरनी त्यांच्याजवळ मन मोकळे केले. त्यांनी काही उपाय सांगितला नाही. एवढेच सांगितले की, यात तुमचा दोष नाही. देव हवासा वाटतो आहे यातच तो जवळ असल्याची खूण आहे. आणि हा अंधार तुम्ही ज्यांची सेवा करता त्यांच्या दुःखातला तुमचा वाटा समजा. त्यानंतर मदरनी लिहिले की त्यांना तो अंधार आपलासा वाटू लागला. अंधार गेला नाही. पहाटे उठणे, मिस्सा, मग कामाला लागणे, हे चालूच राहिले.

धर्मशास्त्र बाजूला ठेवले तरी यातली गोष्ट कुठल्याही घरात उपयोगी पडेल. मन लागत नसतानाही सासूबाईंची कूस वेळेवर बदलली, तर पाठीला जखमा होत नाहीत. त्यांच्या पाठीला तुमच्या मनाची अवस्था कळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे जे वर्णन आहे, त्यातही राजा विचारतो ते एवढेच की भुकेल्याला खाऊ घातलेत का, आजाऱ्याला भेटायला गेलात का. तेव्हा तुम्हाला काय वाटत होते, हे तो विचारत नाही.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. अंधार सोसणे आणि स्वतःला मारून घेणे यांत फरक आहे. पाटण्याच्या सिस्टरांनी मदरना दटावले ते यासाठीच. रात्री-रात्री जागून चिडचिडी झालेली, रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच विसरणारी सून ही त्यागमूर्ती नव्हे, ती घरातली दुसरी रुग्ण आहे. तिला आठवड्यातून एक दुपार सुट्टी मिळाली पाहिजे, आणि ती देणे हे नवऱ्याचे, नणंदेचे, शेजाऱ्यांचे काम आहे.

कॅथलिक वस्त्यांत यासाठी एक जुनी सोय असते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू किंवा त्यांनी नेमलेली माणसे अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. वसईच्या वाचकांना हे सांगायला नको. त्या भेटीत प्रार्थना होतेच, पण कोण कसे आहे, कोणाच्या घरी कोण दमले आहे, हेही गावाला कळते. जागतिक रुग्णदिन म्हणून ११ फेब्रुवारी पाळण्याची प्रथा पोप दुसरे जॉन पॉल यांनी सुरू केली, पहिला दिवस १९९३ मध्ये पाळला गेला. पण वर्षातल्या एका दिवसापेक्षा तो महिन्याचा शुक्रवार मला अधिक मोलाचा वाटतो.

आता कुणाला असे काही करावेसे वाटले तर सुरुवात अगदी जवळून करता येते. रुग्णाला भेटायला जाताना फळांऐवजी त्याच्याजवळ बसणाऱ्यासाठी डबा न्या. आधी फोन करून विचारा. हात धुवा. खाटेवर नव्हे, खुर्चीवर बसा, म्हणजे रुग्णाला मान वर करून बोलावे लागत नाही. तुमच्या मेव्हण्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगू नका. आणि जमलेच तर जवळ बसणाऱ्याला म्हणा, मी दोन तास आहे, तुम्ही घरी जाऊन झोपून या. हे दोन तास सफरचंदांपेक्षा महाग असतात, म्हणून फार कमी लोक ते देतात. नुसते देऊही नका. औषधाची वेळ, पाणी किती द्यायचे आणि कोणाला फोन करायचा हे लिहून घ्या.

मोठ्या वॉर्डात गेलात तर एखादी खाट अशी दिसते की तिच्या शेजारच्या स्टुलावर कोणी नसते. आपण आपल्या माणसाला भेटतो, तिकडे एक नजर टाकतो आणि निघतो. शातियाँच्या बायकांसाठी व्हिन्सेंटने जी नियमावली लिहिली, तीत जेवणाचे ताट कसे मांडावे, मांस कसे बारीक कापून द्यावे, आजाऱ्याशी काय बोलावे हेही आहे. त्यातच फेरीचा क्रम सांगितला आहे. ज्यांच्याजवळ घरचे कोणी आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे तिथे जास्त वेळ थांबता येते.